तालमीचा अहवाल कुणासाठी लिहायचा?

तुमचे प्रश्न तीन आहेत: तालमीच्या अहवालात नेमकं काय लिहायचं, उशिरा येणाऱ्या ज्येष्ठ नटाबद्दल कसं लिहायचं, आणि कुणी वाचतच नसेल तर लिहायचं कशाला. सोबत तुम्ही सांगितलंय की नाटक दोन अंकी आहे, संस्था हौशी आहे, तालमी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये होतात, 'रोज अहवाल हवा' असं दिग्दर्शकाने फर्मान काढलंय आणि नेपथ्यकार दुसऱ्या गावी राहतात. हा शेवटचा तपशील तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण उत्तर तिथूनच सुरू होतं.

अहवाल असतो तो तालमीला नसलेल्यांसाठी. नेपथ्यकार, प्रकाशयोजना करणारे, संगीत देणारे, कपडेपट सांभाळणाऱ्या बाई, निर्माता. ही माणसं पहिल्या वाचनाला येतात आणि मग एकदम शेवटच्या आठवड्यात उगवतात. मधल्या काळात हॉलमध्ये नाटक रोज थोडं थोडं बदलत असतं आणि त्यांच्या डोक्यात मात्र वाचनाच्या दिवशीचंच नाटक असतं. म्हणून प्रत्येक ओळ लिहिताना स्वतःला विचारा: ही वाचून कोण काय करणार? कुणी काही करणार नसेल, कुणाला ते माहीत असण्याचीही गरज नसेल, तर ती ओळ खोडा. 'आज तालीम छान रंगली' ही ओळ इथेच जाते. दिग्दर्शकाने अर्धा तास भूमिकेमागच्या विचारावर सांगितलेलं सुंदर काहीतरी, तेही जातं. ते तुमच्या डायरीत ठेवा.

आपल्याकडे हे काम कुणा एकाच्या नावावर नसतं. व्यावसायिक नाटकात सूत्रधार किंवा व्यवस्थापक तारखा, थिएटर, गाडी-टेम्पो आणि नाइटचे, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनाचे, पैसे बघतो. सहायक दिग्दर्शक संहिता धरून बसतो. सेट आणि प्रॉपर्टी, म्हणजे मंचावर वापरायच्या वस्तू, बॅकस्टेजची मंडळी सांभाळतात. सगळं तोंडी चालतं आणि जुनी माणसं ते लक्षातही ठेवतात. इंग्लंडमध्ये तालमीत संहितेवर बसून हालचाली टिपणारा आणि पुढे प्रयोगात क्यू, म्हणजे प्रकाश-संगीताचे इशारे, देणारा डेप्युटी स्टेज मॅनेजर असतो. रोजचा अहवाल बहुधा त्याच्याकडून किंवा स्टेज मॅनेजरकडून जातो. अमेरिकेत व्यावसायिक स्टेज मॅनेजर हे बहुधा ॲक्टर्स इक्विटी या नटांच्याच संघटनेचे सदस्य असतात, आणि तिथल्या नियमाप्रमाणे ५५ मिनिटं कामानंतर ५ मिनिटं किंवा ८० मिनिटांनंतर १० मिनिटं सुट्टी द्यावीच लागते. म्हणून त्यांच्या अहवालात चहाच्या सुट्टीचीही मिनिटं मोजलेली दिसतात. इंटरनेटवर मिळणारे तयार नमुने बहुतेक या दोन देशांतले असतात. ते जसेच्या तसे उचललेत तर निम्मे रकाने रिकामे राहतील, आणि दोन-तीन रकाने आपल्याला लागतात तसे त्यात नसतील. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

वरचा भाग चार ओळींत उरका. अहवाल क्रमांक, तारीख, जागा, बोलावलेली वेळ, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, हजर-गैरहजर, आज काय घेतलं आणि उद्या काय घेणार. यात साहित्य नको.

दोन गोष्टी मात्र पहिल्याच अहवालात पक्क्या करून टाका. एक, पान क्रमांक कोणत्या प्रतीचे. लेखक तालमी सुरू असताना दोनदा तरी सुधारित प्रत देतो, नट आपल्या जुन्या, रेघोट्या मारलेल्या प्रती सोडत नाहीत, आणि मग 'पान ३४' म्हणजे तीन जणांसाठी तीन वेगळे प्रवेश होतात. 'या अहवालांतील सर्व पाने दुसऱ्या खर्ड्याची' असं लिहा, आणि पानासोबत वाक्याचे पहिले दोन शब्दही द्या. दुसरी, डावी-उजवी. प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या नटाची डावी ती डावी विंग, हा रंगमंचाचा रूढ रिवाज. पण हौशी संस्थांत निम्मी माणसं प्रेक्षकांतून बघून बोलतात. एकदा लिहून टाका, शेवटपर्यंत तेच पाळा. हे न केल्यामुळे दार उलट्या बाजूला बसवून आलेला सेट म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता खरा मुद्दा, खात्यांसाठीच्या टिपा. समजा, तालमीत माईंची भूमिका करणारी नटी टेबलाला अडकते आणि दिग्दर्शक वैतागून म्हणतो, 'हे टेबल लहान पाहिजे.' तुम्ही लिहिता, 'नेपथ्य: टेबल लहान हवे.' नेपथ्यकार दुसऱ्या गावी ही ओळ वाचतो आणि त्याच्या हातात काहीच पडत नाही. किती लहान? उंचीला की लांबीला? तीच टीप अशी लिहून बघा:

'अंक १, पान २३, "अगं पण तो". माई स्वयंपाकघराच्या दारातून खिडकीपाशी आबांच्या या एका वाक्यात पोचायला हव्यात. सध्या टेबलाला वळसा घालावा लागतो आणि वाक्य संपतं तेव्हा त्या अर्ध्या वाटेत असतात. तालमीतलं टेबल ५ फूट बाय ३ फूट. दिग्दर्शकांना टेबल लहान करून चालेल. दुसरा मार्ग असल्यास सुचवावा.'

आता नेपथ्यकार विचार करू शकतो. कदाचित तो टेबलाला हातही न लावता दार दीड फूट पुढे घेईल, कदाचित टेबल भिंतीला टेकवेल. दिग्दर्शकाने सुचवलेला उपाय लिहाच, पण त्याच्या आधी अडचण लिहा. मापं टेपने घ्या. 'साधारण' हा शब्द सुताराला चालत नाही. दार म्हटलं की ते आत उघडतं की बाहेर, बिजागरी कोणत्या बाजूला, आणि कुणी ते आपटतं का, हे तिन्ही. आपटायचं असेल तर फ्लॅटला, म्हणजे सेटच्या उभ्या भिंतीला, मागून आधार जास्त लागतो, आणि हे नेपथ्यकाराला रंगीत तालमीच्या दिवशी कळून उपयोग नाही.

दुसरं पथ्य: ठरलेलं, करून बघत असलेलं आणि विचारायचं असलेलं यांची सरमिसळ करू नका. मी प्रत्येक टिपेच्या आधी 'ठरले', 'चाचणी' किंवा 'प्रश्न' लिहिते. दिग्दर्शक तालमीत दहा गोष्टी बोलतो, त्यातल्या सात हवेत असतात. त्याने 'बघू या' म्हटलेलं तुम्ही 'ठरले' म्हणून पाठवलंत तर कुणीतरी त्यावर पैसे खर्च करून बसतो. म्हणून तालीम सुटल्यावर दिग्दर्शक चप्पल घालायच्या आत त्याला गाठायचं आणि वहीतून वाचून दाखवायचं: 'पत्र ठरलं, कंदील चाचणी, शेवटचा ब्लॅकआउट प्रश्न. बरोबर?' दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत तो निम्म्या गोष्टी मागे घेतो, हा अनुभव तुम्हालाही येईल.

पत्राचं उदाहरण जरा सविस्तर घेते, कारण प्रॉपर्टीच्या टिपा सगळ्यांत जास्त फसतात. अंक २ मध्ये आबा खिशातून एक पत्र काढतात, वाचतात, फाडतात आणि तुकडे खाली टाकतात. तालमीत हे सुचलं, सगळ्यांना आवडलं, दोन मिनिटांत पक्कं झालं. यातून किती कामं निघाली बघा. प्रॉपर्टीसाठी: फाटतं म्हणजे दर प्रयोगाला नवी प्रत, कागद जुना, पिवळट हवा, वर मजकूर हातानं लिहिलेला हवा, कारण पहिल्या रांगेला कोरा कागद कळतो, तालमीसाठी रोज एक साधा कागद. कपड्यांसाठी: आबांच्या सदऱ्याला खिसा लागेल, डाव्या छातीवर, पत्र चार घड्या करून मावेल एवढा, आणि पहिल्या अंकात ते बंडीवर आहेत, तेव्हा मध्यंतरात कपडे बदलताना पत्र खिशात घालायचं काम कुणाचं? नेपथ्य आणि बॅकस्टेजसाठी: तुकडे मंचावर पडून राहतात, पुढच्या प्रवेशात तिथेच सतरंजी अंथरली जाते. मधे अंधार आहे का? नसेल तर तुकडे पात्रांपैकी कुणी उचलायचे? प्रकाशासाठी: पत्र वाचतात ती जागा सध्या कोपऱ्यात आहे, चेहरा दिसायला हवा.

हे सगळं प्रॉपर्टीच्या रकान्यात एकत्र लिहू नका. खिशाची ओळ कपड्यांच्या रकान्यात, अंधाराची ओळ प्रकाशाच्या रकान्यात, पुन्हा पूर्ण वाक्यात. अहवालात पुनरुक्ती झाली म्हणून काही बिघडत नाही. कपडेपटवाल्या बाई प्रॉपर्टीचा रकाना वाचत नाहीत, आणि त्यांनी का वाचावा? ज्या खात्याला त्या दिवशी काही नाही तिथे 'काही नाही' असं लिहा. रकाना गाळलात तर समोरच्याला कळत नाही की काही नव्हतं की तुम्ही विसरलात.

खाणं-पिणं, आग आणि फुटणारी वस्तू तालमीत आली की त्याच दिवशी कळवायची, 'चाचणी' असली तरी. खरा चहा प्यायचा तर तो कोण करणार, कुठून आणणार, कप कोण धुणार, दौऱ्यावर काय करायचं, हे प्रश्न आहेत. कंदील, उदबत्ती किंवा काडी पेटवायची असेल तर थिएटरची परवानगी लागेल, आणि ती मागायला निर्मात्याला वेळ हवा.

पात्राचं नाव कुठे आणि नटाचं नाव कुठे, याचा एक साधा संकेत ठेवा. मंचावर घडणाऱ्या गोष्टींना पात्राचं नाव: 'आबा पत्र फाडतात.' हजेरी, कपड्यांची मापं, तारखा यांना नटाचं नाव. उद्या नट बदलला तरी जुन्या अहवालांतल्या टिपा वाचता येतात.

एका दिवसाचा मधला भाग साधारण असा दिसतो:

'अहवाल ११.
तातडीचे: लेव्हल (मंचावरचा चौथरा) क्र. २ च्या पुढच्या कडेला खिळा वर आलाय. तालमीपुरता ठोकून वर टेप लावली आहे. उद्या ७ च्या आत बदलणे.
नेपथ्य १ (प्रश्न): पान ४०, सुनील खिडकीच्या चौकटीवर बसतो. वजन पेलेल का?
प्रकाश १ (चाचणी): पान ४४, वीज जाते ती माईंच्या वाक्याच्या आधी की नंतर, दोन्ही करून पाहिले. निर्णय शुक्रवारी.
संगीत: काही नाही.
वेश १ (ठरले): माई जमिनीवर दोनदा बसून उठतात, दुसऱ्यांदा हातात ताट आहे. नऊवारीची तालीम लवकर हवी. तालमीची साडी सोमवारपर्यंत मिळेल का?
संहिता १ (ठरले): पान ४६, आबांची शेवटची तीन वाक्ये गाळली. लेखकांना फोनवर कळवले.'

यातली संहितेची ओळ परदेशी नमुन्यातही असते, पण आपल्याकडे तिला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. मंडळाकडे गेलेली संहिता आणि तालमीत बोलली जाणारी संहिता यांत नवी वाक्यं शिरत असतील तर निर्मात्याला ते तारखेसकट माहीत हवं. गाळलेल्यापेक्षा घातलेल्या वाक्यांची नोंद अधिक काटेकोर ठेवा. नटांना पदरची वाक्यं घालायची हौस असते आणि तिसऱ्या दिवशी ती वाक्यं मूळचीच वाटायला लागतात.

दुसरा आपला रकाना म्हणजे लांबी. बालगंधर्वपासून गडकरी रंगायतनपर्यंत आपली थिएटरं सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांवर मिळतात. सेट लावणं, प्रयोग, मध्यंतर, सेट काढणं, सगळं त्यातच. आणि पुढच्या सत्रातल्या नाटकाचा टेम्पो मागच्या दाराशी उभा असतो. स्पर्धेला उतरणार असाल तर वेळेची मर्यादा आणखी घट्ट. म्हणून पहिल्या सलग रनपासून, म्हणजे न थांबता केलेल्या तालमीपासून, प्रत्येक अंकाची वेळ घड्याळ लावून लिहा, आधीच्या रनची वेळ शेजारी ठेवा. 'अंक १: ६८ मिनिटे (मागील ६३).' ही पाच मिनिटं कुठे वाढली हे तुम्ही सांगायची गरज नाही. दिग्दर्शकाला माहीत असतं, फक्त आकडा दिसायला हवा. थांबत थांबत घेतलेल्या तालमीची वेळ मात्र देऊ नका, तिच्यावरून कुणीतरी चुकीचा हिशोब करतो.

तिसरा रकाना नटांच्या तारखांचा, आणि त्याला लागूनच तुमचा दुसरा प्रश्न येतो. मुंबईत तर नट मालिकेच्या चित्रीकरणातून सुटून तालमीला येतात. मढ, घोडबंदर, फिल्मसिटी, कुठून किती वाजता सुटतील ते त्यांच्या हातात नसतं. तुमच्याकडे नोकरी, बस, घरचं आजारपण असेल. अहवालात यातलं काही नको. 'वेळ ७:००. अमुक ७:४०, आधी कळवले होते' किंवा 'अमुक ७:४०.' बस्स. 'पुन्हा', 'नेहमीप्रमाणे', 'अर्धी तालीम वाया गेली' हे शब्द हातून सुटू देऊ नका. शेरा मारलात की भांडण तुमच्याशी होतं. वेळ लिहिलीत तर ती घड्याळाची असते. आणि हो, ज्येष्ठांची वेळ लिहायची नाही आणि नव्या पोरांची लिहायची, असं करू नका. सगळ्यांची लिहा, दिग्दर्शकाचीही. त्या ज्येष्ठ नटांना पहिल्याच दिवशी नमस्कार करून सांगा, 'काका, मी सगळ्यांच्या येण्याची वेळ लिहिते, तुमचीही लिहीन.' तोंडावर सांगितलेलं जुन्या माणसांना खटकत नाही, मागून कळलेलं खटकतं. उशिरामुळे एखादा प्रवेश राहिला असेल तर तो 'काय घेतलं' मध्ये आपोआप दिसतो: 'पान ३० ते ३६ राहिले, उद्या.' त्यांच्याशी बोलायचं की नाही, हे दिग्दर्शक ठरवील.

अभिनयाबद्दल अहवालात एक अक्षरही नको. कोण पाठांतरात कच्चा, कोणाचा सूर लागत नाही, कोण रडलं, हा मजकूर निर्मात्यापासून इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळ्यांच्या फोनवर जाणार असतो. वाक्यं चुकली तर त्या त्या नटाला वेगळी चिठ्ठी द्या: पान, वाक्य, गाळलं की बदललं. ती त्याच्याच हातात.

इजा झाली तर तिचीही नोंद दोन ठिकाणी. किती वाजता, कशाने, काय उपचार केले, कोण सोबत गेलं, हे तुमच्या वेगळ्या वहीत पूर्ण. अहवालात 'एक किरकोळ इजा, नोंद केली आहे' आणि कारण सेटमधलं असेल तर वर दिलेल्या खिळ्यासारखी नेपथ्याची टीप. कुणाचं दुखणं, कुणाचं औषध, कुणाची सुट्टी कशासाठी, हे सगळ्यांना कळायचं कारण नाही.

लिहिण्याची पद्धत ज्याची त्याची. मी तालमीत वहीच्या समासात ने, प्र, सं, वे, प्रॉ अशी अक्षरं टाकत जाते, रात्री घरी जाऊन फक्त त्या त्या अक्षराच्या ओळी वेगळ्या करते. त्याच रात्री पाठवा. सकाळपर्यंत 'ठरले' आणि 'चाचणी' यांतला फरक डोक्यात पुसट होतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाइप करू नका. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि अंगठ्यांच्या खाली दार कोणत्या बाजूला उघडतं ते कुणालाच सापडत नाही. पीडीएफ करा, नावात क्रमांक आणि तारीख द्या. आवाजी निरोप तर अजिबात नको, त्यात पान क्रमांक शोधता येत नाही. प्रयोग सुरू झाल्यावरही अहवाल चालू राहतो, फक्त आटोपशीर होतो: वेळा, चुकलेले क्यू, मोडलेलं-हरवलेलं, थिएटरच्या तक्रारी.

राहिला शेवटचा प्रश्न, कुणी वाचत नाही. दिग्दर्शक वाचत नसेल तर राग मानू नका, तो तालमीला होता. ज्यांच्यासाठी लिहिताय ते वाचत नसतील तर आधी अहवाल किती लांब आहे ते बघा. एक पान पुष्कळ झालं, सलग रनच्या दिवशी दोन. 'तातडीचे' सगळ्यांत वर, दोन ओळींपेक्षा जास्त नाही. रोज पाच गोष्टी तातडीच्या असतील तर कुठलीच तातडीची नसते. ज्या 'प्रश्ना'चं उत्तर आलं नाही तो दुसऱ्या दिवशी त्याच क्रमांकाने पुन्हा लिहा: 'अहवाल ११, नेपथ्य १: उत्तर बाकी.' तिसऱ्या दिवशी फोन करा. चिडून नाही, 'सुनीलला चौकटीवर बसवायचं की नाही एवढं सांगा' म्हणून. फोनवर मिळालेलं उत्तर त्या रात्रीच्या अहवालात लिहा. फोनवर ठरलेलं अहवालात आलं नाही तर चार दिवसांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

आणि पहिला अहवाल पाठवण्याआधी तुमच्या नेपथ्यकारांना एकदा विचारून घ्या की त्यांना मापं फुटांत हवीत की सेंटिमीटरमध्ये, हालचालीचं कच्चं रेखाटन सोबत हवं का, आणि ते फोन किती वाजेपर्यंत उचलतात.